हसुराम आणि मांडवातले देव

हसुराम तांडेलला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो ट्रान्सफॉर्मरला कान लावून उभा होता.

अगदी लावून नव्हे. मध्ये जाळीचं कुंपण होतं आणि कुंपणावर कवटी आणि दोन हाडांची पाटी होती. त्या कवटीच्या गालाला गाल लावावा इतक्या जवळ हा माणूस डोळे मिटून उभा. सायकल कमरेला टेकवलेली, आणि छातीशी हिरव्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. नव्वद सालानंतरचे ते दिवस. नेरूळ म्हणजे निम्म्या इमारती, निम्मे खड्डे आणि उरलेली सगळी खाडी. मी तिथे नुकताच राहायला आलो होतो. साताऱ्याकडचा माणूस मी. नव्या जागी चार दिवस गप्प बसून मग तोंड उघडायचं, ही आमच्याकडची रीत. पण हा इथे विजेला चिकटला तर पंच म्हणून आपल्यालाच उभं राहावं लागेल, ह्या भीतीने मी ओरडलो, "अहो, काय करताय?"

त्याने डोळे न उघडता एक बोट वर केलं. मग लुगडं सोडलं. आतून निघाली गिटार. विजेवर चालते ती, लाल, जागोजागी रंगाचे टवके उडालेली. त्याने एक तार छेडली, खुंटी पिळली, पुन्हा छेडली, पुन्हा कान जाळीकडे नेला. तिसऱ्या खेपेला समाधान झालं. मला म्हणाला, "सरकारी सूर हाय. सगल्या वाशी-नेरूलमदी एकच. यो कंदी खोटा बोलत नाय." मी नाव विचारलं, तर "हसुराम तांडेल" एवढं सांगून तो गिटार परत लुगड्यात बांधून करावे गावाच्या दिशेने निघून गेला.

पुढे आमच्या एका इंजिनियरने सांगितलं की ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं खरंच एका पक्क्या सुरात असतं. फक्त तो सूर वाजवणाऱ्यांच्या नेहमीच्या सुरापेक्षा केसभर वर असतो. त्यामुळे हसुरामची गिटार जगापेक्षा केसभर वर असायची आणि त्याच्याबरोबर वाजवायचं तर जगाने जुळवून घ्यायचं असायचं. ऐन वेळी लाईट गेली की तो वाद्य मांडीवर घेऊन लाईट येईपर्यंत स्वस्थ बसून राही. त्याच्याकडे शिकायला येणारी पोरं म्हणत, लाईट गेली की हसूदादा बेसूर.

सोमवारी तळोज्याला कारखान्यात गेलो आणि हजेरीपट उघडला, तर त्यात हेच नाव. तांडेल हसुराम, बॉयलर विभाग. तीन वर्षं मी रोज त्याच्या नावापुढे खूण करत होतो आणि माणूस पाहिलेला नव्हता. रासायनिक कारखान्यात पाळ्या असतात, आणि कचेरीतला कारकून बॉयलरच्या बाजूला वारा घ्यायला जात नाही.

बॉयलरवर मात्र त्याचा शब्द शेवटचा होता. दाबाचा काटा हलायच्या आधी हसुराम सांगायचा, "वाफ आज कुरकुरते." एका नव्या इंजिनियरने एकदा ते हसण्यावारी नेलं आणि त्याच दुपारी सगळा विभाग घामाघूम होऊन व्हॉल्व्ह बदलत बसला. तेव्हापासून जनरल मॅनेजरसुद्धा त्याला वचकून असत. त्यात हसुरामच्या बोलीत 'तुम्ही' नव्हतं. देवालाही तू आणि सरपंचालाही तू. एकदा साहेब पाहुण्यांना घेऊन बॉयलर दाखवायला आले तर हा म्हणाला, "तू जरा बाजूला हो. तुज्या बुटांचा आवाज येते." साहेब बाजूला झाले. माझ्या खिशाला पेन दिसलं म्हणून मी त्याचा 'मास्तर' झालो, तो कायमचा.

चाळिशीचा झाला तरी लग्न केलेलं नव्हतं. कॅन्टीनमध्ये कुणी ना कुणी विषय काढायचंच. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असे, "मांडवान जागा नाय." म्हणजे काय, हे कुणाला कळत नसे. सगळे हसायचे आणि तो चहात पाव बुडवत राहायचा. त्याला स्वतःला हसताना मात्र मी कधी पाहिलं नाही. बापाने नाव काय बघून ठेवलं, कोण जाणे.

आता त्याच्या वाजवण्याबद्दल. मला संगीतातलं कळत नाही. आमच्या घरी गाणं म्हणजे आरती. पण दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली की शेडमध्ये कार्यक्रम असायचा, तिथे मी त्याला ऐकलं. आधी एका कामगाराने विनोद सांगितले, मग कुणाच्या तरी मुलीने नाच केला, आणि मग हसुराम खाकी कपड्यांतच उभा राहिला. मागे मोठा स्पीकर. त्याने पहिली तार ओढली आणि माझ्या शेजारचा सुपरवायझर खुर्चीत सरळ बसला. आवाज मोठा होताच, पत्रे थरथरत होते, पण नुसता मोठा नव्हता. त्या गोंगाटातून एक सूर निघायचा, वर चढायचा, वाकायचा, बाई हुंदका आवरते तसा मध्येच तुटायचा आणि पुन्हा उभा राहायचा. डाव्या हाताची बोटं इतक्या वेगाने फिरत होती की दिसेनाशी झाली होती. तोंड मात्र उघडं होतं, आणि ओठ काहीतरी बोलत होते.

शेवट जवळ आला. ज्याला काही कळत नाही त्यालाही कळावं की आता एक सूर येणार आणि सगळं जागच्या जागी बसणार. साहेबांनी टाळीसाठी दोन्ही हात उघडले. आणि हसुरामने तारेवरचा हात काढून घेतला. मान खाली घालून तो उभा राहिला. तीन श्वास, चार श्वास. काही झालं नाही. मग त्याने वायर काढली, गिटार लुगड्यात बांधली आणि खाली उतरला. साहेबांचे हात तसेच उघडे राहिले होते. नंतर त्यांनी ते सावकाश मांडीवर ठेवले.

हे त्याचं नेहमीचंच होतं. वाशीच्या एका कॉलेजात पोरांनी त्याला महोत्सवात नेलं, तिथेही त्याने शेवटचा सूर सोडला. पोरांना वाटलं, ही स्टाईल. ती वेडीपिशी झाली. नंतर नंतर ती स्वतःही शेवट सोडून वाजवायला लागली आणि घरची माणसं स्वयंपाकघरातून ओरडू लागली, "अरे, पुरं कर की ते!"

आमच्या कारखान्याचं चार पानी गृहपत्र निघायचं. सुरक्षेची घोषवाक्यं, दहावी पास झालेल्या मुलांचे फोटो, निवृत्तांना निरोप. त्याचा संपादक मी. एकदा साहेबांनी बोलावून सांगितलं, "त्या तांडेलची मुलाखत घ्या. सृजनशीलता वगैरे विचारा. आणि तो शेवटचा सूर का सोडतो, तेही विचारा." ते उघडे राहिलेले हात साहेब विसरले नव्हते.

मी फुलस्केप कागदावर दहा प्रश्न काढले आणि एका रविवारी दुपारी करावे गावात गेलो. आमच्या सेक्टरातून पंधरा मिनिटं चालत, पण वास बदलतो, बोली बदलते. अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते. ओटीवर एक म्हातारी पाठमोरी बसून सुपात वाळका जवळा निवडत होती. "माजी आईस," हसुराम म्हणाला. म्हातारीने मान वळवून मला एकदा पाहिलं आणि पुन्हा जवळ्याला लागली.

मी पहिला प्रश्न वाचला. "आपल्या कलेची प्रेरणा कोणती?"

हसुरामने खूप विचार केला. "पंप."

"कुठला पंप?"

"बॉयलरचा. दोन नंबर. त्याचा ठेका चांगला हाय. एक नंबर नुसता बोंबलते."

मी लिहून घेतलं. "आपण कोणत्या परदेशी वादकांना गुरू मानता?"

त्याने आत जाऊन बुटाचं खोकं आणलं. त्यात कॅसेटी होत्या. गिटार आणि ह्या कॅसेटी त्याचा जहाजावरचा चुलतभाऊ, खलाशी होता तो, कुठल्याशा बंदरातून घेऊन आला होता. हाताळून हाताळून त्यांच्यावरची नावं पुसली गेली होती, आणि असती तरी ह्याला वाचता आली नसती. म्हणून त्याने आपली नावं ठेवली होती. "यो रडका. यो दारूवाला. आनि यो घाईवाला. यो लय जोरात वाजवते, पर त्याची घरी कोनी वाट बघत नाय."

"हे कशावरून?"

"वाट बघनारा कोनी असता तर मदी मदी थांबला असता."

मी पुढचा प्रश्न शोधू लागलो, पण आता माझे प्रश्न मलाच कोरडे वाटायला लागले होते. कागदावरची नजर काढून मी सरळ विचारलं, "हसुराम, तुम्हाला नवीन सुचतं कसं?"

"सुचत नाय, मास्तर. आयकू येते. आधी तोंडान बोलाचा, मंग बोटान. जे तोंडान बोलता येत नाय, त्ये बोटान बोलला तर खोटा."

हा त्याचा कायदाच होता. शिकायला येणाऱ्या पोरांना पहिला महिनाभर गिटारला हात लावू द्यायचा नाही. केस वाढवलेली, फाटक्या पँटी घातलेली वाशीतल्या बड्या लोकांची मुलं ह्या ओटीवर मांडी घालून "आ" करत बसायची, आणि शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

"आणि वाजवताना मध्येच थांबता, ते?"

"गानारीला दम लागतो ना! तारेला दम लागत नाय, म्हनून तार उद्धट हाय. तिला मानसाचा दम शिकवाला लागते."

तो 'गाणारीला' म्हणाला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी आपला खूश होऊन लिहीत होतो. त्याच झोकात साहेबांचा प्रश्न विचारून टाकला, "मग शेवटचा सूर का सोडता?"

सुपातला आवाज थांबला. म्हातारीचे हात जवळ्यात तसेच राहिले. हसुरामने आईच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्यो सवाल खोड."

मी खोडला.

"नीट खोड." आणि माझ्या हातातलं पेन घेऊन त्याने स्वतः तो प्रश्न असा गिरवला की कागद फाटला.

मग त्याने गिटार मांडीवर घेतली. वायर भिंतीला गुंडाळून ठेवलेली होती, ती त्याने लावली नाही. विजेची गिटार विजेशिवाय वाजवली की अगदी बारीक आवाज येतो, कान दिला तरच ऐकू येईल इतका. मला वाटलं, लाईट गेली असेल. पण वर पंखा फिरत होता. ज्याच्या आवाजाने कारखान्याचे पत्रे थरथरायचे, तो माणूस घरात आवाज न करता वाजवत होता. तेच ते, दसऱ्याचं, पण संथ. शेवटाशी आला, हात काढून घेतला आणि आईच्या पाठीकडे बघत राहिला.

म्हातारी म्हणाली, "मास्तरला चा दे." आणि जवळा पुन्हा निवडायला लागली.

चहा पिऊन मी उठलो. हसुराम मला पोचवायला खाडीच्या बांधापर्यंत आला. तिथे मी काही न विचारता त्यानेच सांगायला सुरुवात केली. त्याच्या बोलीत मला सगळं लिहिता येणार नाही, म्हणून माझ्या शब्दांत सांगतो.

त्याची आई चांगुणा ही गावची धवलारीण. ह्या आगरी-कोळी गावांत पूर्वी लग्न लावायची ती धवलारीण. भटजी नंतर आले. ती मांडवात तांदूळ घेऊन बसायची आणि धवला म्हणायची. त्या गाण्यात एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलवायचं, बसायला पाट द्यायचा, पोरीचं सगळं सांगायचं आणि शेवटच्या ओळीत त्यांना मानाने निरोप द्यायचा. पंचक्रोशीत चांगुणाच्या धवल्याशिवाय मुलगी उजवली जात नसे. पोरगा हसू आईच्या मांडीला टेकून ते ऐकत मोठा झाला.

मग हसूच्या धाकट्या बहिणीचं, यमुनाचं लग्न निघालं. मुलगा घणसोलीचा. तोवर हसू गावच्या बेंजो पार्टीत वाजवायला लागला होता, आणि लग्नाच्या आठवडाभर आधीच चुलतभावाने गिटार आणि स्पीकरचं मशीन आणलं होतं. मांडव भरलेला, ऊन तापलेलं, वरात दारात खोळंबलेली. आई धवला म्हणत होती. धवला लांब असतो. पोरं चुळबुळायला लागली. कुणीतरी म्हणालं, "हसू, लाव ना मशीन!" त्याला वाटलं, झालंच आहे, एक ओळ तर उरली. त्याने तार ओढली.

"आवाज असा फुटला, मास्तर, की सगला मांडव नाचाला लागला. मी पन. मंग मी आईसकडं बघितला. तिचा तोंड उघडा होता. आवाज येतच नव्हता. म्हंजे येत असल, पर आयकू कोनाला?"

चांगुणाने तोंड मिटलं. हातातले तांदूळ ताटात ठेवले, ताट पाटाखाली सारलं आणि उठून आत गेली. त्यानंतर ती कुठल्याच मांडवात गायली नाही. हसुरामला एका शब्दाने बोलली नाही. "शिवी दिली असती तर बरा झाला असता," तो म्हणाला.

मी समजूत घालायला म्हटलं, "पण बहिणीचा संसार तर चांगला झाला ना?"

"त्येच तर! चांगला झाला. सगल्या गावाला कलला, की धवला अर्धा राह्यला तरी लगीन होते. मंग बोलवल कोन तिला? तिचा काम मीच घालवला."

खाडीला भरती येत होती. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "देव बोलावलेले, पाठवलेच नाय. आमच्या मांडवान ते अजून बसलेत. म्हनून माजा मांडव नाय. जागा कुठं हाय?"

कॅन्टीनमध्ये त्या उत्तराला मीही हसलो होतो.

"मी जे वाजवताव ना, त्यो तिचाच धवला हाय. जोरात वाजवला की कोनाला कलत नाय. तिच्या गान्याची शेवटची वल मना येते. पर ती वाजवाची नाय. ती तिची हाय. ती कंदीतरी बोलल." मग माझ्या खिशातल्या पेनाकडे बोट दाखवून म्हणाला, "लिवू नको, हां."

मी लिहिलं.

कारणं देता येतील. अंक छापखान्यात जायचा होता, अर्धं पान रिकामं होतं, साहेब रोज विचारत होते. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. इतकी चांगली गोष्ट हातात आली असताना दोन नंबरच्या पंपावर लेख संपवायचा, हे माझ्यातल्या संपादकाला सोसेना. मी लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. तेच वाईट झालं. साहेबांनीसुद्धा बोलावून पाठ थोपटली.

अंक निघाला त्या सकाळी गेटवर हसुराम भेटला. मी नजर चुकवत होतो. तो सायकलवरून उतरला, हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार. तुमी बरे आहात ना?"

करावे गावात जन्म काढलेल्या त्या माणसाने ते 'तुमी' कुठून पैदा केलं असेल, कोण जाणे. भर गेटात कानाखाली मारली असती तरी मला इतकं लागलं नसतं. पुढचे चार महिने तो मला 'तुमी'च म्हणत होता.

तोवर लग्नसराई आली. यमुनाचा नवरा, म्हणजे हसुरामचा मेहुणा, आमच्याच कारखान्यात पॅकिंगला होता. त्याच्या मुलीचं, वनिताचं लग्न ठरलं, आणि त्याने सगळ्या कचेरीला पत्रिका वाटल्या. मी जाणार नव्हतो. पण हसुरामला तोंड दाखवायला घाबरून भाचीच्या लग्नाला न जाणं हे आणखी वाईट दिसलं असतं, म्हणून गेलो.

घणसोली गावात घराला घर चिकटलेलं. दोन चाळींमधल्या बोळातच मांडव घातला होता. भटजी आले होते, व्हिडिओवाला दिवा घेऊन फिरत होता, एका कोपऱ्यात माणसाच्या उंचीचे स्पीकर लावून पोरांनी गाण्यांचा धडाका उडवला होता. हसुराम त्या स्पीकरशेजारी लुगड्यातली गिटार घेऊन बसला होता. भाचीसाठी वाजवायचं कबूल केलं होतं म्हणे. मला पाहून त्याने नुसती मान हलवली. चांगुणा म्हातारी पार मागे, बायकांच्या गर्दीत भिंतीला टेकून बसली होती.

वनिताला पाटावर आणून बसवलं. मुहूर्ताला पाऊण तास होता. भटजी पोथी उघडणार, इतक्यात ती म्हणाली, "थांबा. आधी आमच्या आजीचं होऊ दे."

कुणाला काही कळेना. तिने बापाकडे पाहिलं. "बाबा, तुमच्या कारखान्याच्या पुस्तकात आलंय ते. आईच्या लग्नात धवला अर्धाच राहिला. मी वाचलंय. आजी, तू ये आणि पुरा कर. नाहीतर मी इथून उठायची नाय."

हसुरामकडे बघायची माझी छाती होईना.

"माजा गला गेला गो पोरी," म्हातारी मागून म्हणाली.

"गेला तर गेला. गेलेल्या गळ्याने म्हण."

बायकांनी वाट करून दिली. म्हातारी उठली ती हळूहळू पुढे आली, नातीच्या समोर बसली. कुणीतरी तांदळाचं ताट पुढे सरकवलं. तिने मूठ भरून घेतली आणि तोंड उघडलं, पण कोपऱ्यातलं गाणं चालूच होतं. तिचे ओठ नुसते हलले. यमुनाच्या मांडवात झालं होतं तेच पुन्हा होणार, असं मला वाटलं.

हसुराम उठला. पोरांना काही सांगितलं नाही, विचारलं नाही. भिंतीतली पिन उपटली आणि हातात घट्ट धरून उभा राहिला. मांडव एकदम गप्प झाला.

चांगुणा गायला लागली. गळा खरंच गेलेला होता. सूर चिरत होता, दर ओळीला दम लागत होता. पण मी हा धवला आधीच ऐकलेला होता. तो चढ, तो वाकलेला सूर, तो मध्येच तुटणारा हुंदका, सगळं मी दसऱ्याला ऐकलं होतं. बायका मागून ओळ धरत होत्या. बऱ्याच जणींना ती अजून येत होती. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि पोथी मिटून मांडीवर ठेवली.

शेवट आला. एक ओळ राहिली. म्हातारी थांबली.

आम्ही वाट पाहिली. तिने तोंड उघडलं नाही. मान वर करून ती हसुरामकडे बघत होती. दम संपला होता की ती ओळ तिने मुद्दाम ठेवली होती, हे मला आजही सांगता येणार नाही. मी पुढे एकदा तिला विचारलंही. ती म्हणाली, "मास्तर, तुला लय सवाल."

हसुराम तसाच उभा होता. एका हातात पिन, दुसऱ्या हातात गिटार. धवला बायकांचा, पुरुषाने तो म्हटल्याचं त्या मांडवात कुणी ऐकलेलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं. आधी नुसती हवा आली. मग आवाज आला, जाडाभरडा, बॉयलरच्या वाफेत घोगरलेला.

"जावा देवानू आपुल्या घरा, पोर आमची सुखी करा."

म्हातारीने मुठीतले तांदूळ नातीच्या डोक्यावर टाकले. एकदोघी बाया रडत होत्या, यमुना तर उघडच. हसुराम मांडवाच्या दाराकडे बघत होता, पाहुण्यांना पोचवून आल्यावर घरधनी थोडा वेळ दारात थांबतो तसा.

"गेले," तो म्हणाला.

मग लग्न लागलं. अक्षता पडल्या, भटजींनी मुहूर्त साधला. लोक जेवायच्या गडबडीत उठू लागले आणि त्या गलक्यात म्हातारी, हसुरामकडे न बघता, पदराने तोंड पुसत म्हणाली, "हसू, आता लाव तुजी मशीन."

त्याने ऐकलं. भिंतीशी गेला, पिन लावायला लागला. पण पिन काही भोकात जाईना. दोनदा प्रयत्न केला. मग मागे वळून गर्दीत मला शोधलं आणि पिन माझ्यापुढे धरली.

"मास्तर," तो म्हणाला, "तू लाव."

मी लावली. त्याने हिरवं लुगडं सोडलं, पट्टा गळ्यात अडकवला. घणसोलीचा ट्रान्सफॉर्मर पार रस्त्याच्या टोकाला होता आणि गिटार सुरात लावायची राहून गेली होती. पहिल्याच तारेला ते माझ्यासारख्यालासुद्धा कळलं. हसुरामने खुंटीला हात लावला नाही. तशीच वाजवली, शेवटपर्यंत.